दोन वसाहती, एक सकाळ

प्रवासाबद्दल लिहिणारी माणसं किल्ले बघतात, घाटावर बसतात, कुठला तरी पदार्थ खाऊन तृप्त होतात. मी एका आठवड्यात दोनदा उदगीरला गेले आणि तिथला किल्ला दोन्ही वेळा गाडीच्या काचेतून पाहिला. काचही धुळीने भरलेली होती. तेव्हा किल्ल्याविषयी वाचायची इच्छा असलेल्यांनी इथेच थांबावं. हे सरकारी खोल्यांचं भाडं गोळा करायला गेलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईचं प्रवासवर्णन आहे.

मी मूळची सांगलीकडची. दोन वर्षांपूर्वी नांदेडला बदली झाली, एका गृहनिर्माण कार्यालयात, हिशेबाच्या टेबलावर. आमच्या कार्यालयाकडे तालुक्यांच्या गावांबाहेर जुन्या भाड्याच्या वसाहती आहेत. हातावर पोट असणाऱ्यांसाठी कधीकाळी बांधलेल्या, एक खोली आणि एक मोरी अशा. भाडं इतकं किरकोळ की ते गोळा करायला जाणाऱ्या गाडीचं डिझेल त्याहून महाग पडावं. हे मी एकदा बैठकीत बोलून दाखवलं. साहेब म्हणाले, "मॅडम, प्रश्न पैशाचा नाही, शिस्तीचा आहे."

शिस्त अशी, की ज्या वसाहतीची वर्षाची वसुली निम्म्याच्या वर जाईल तिला दुरुस्तीचा निधी. जी निम्म्याच्या खाली राहील तिच्यावर 'वापरास अयोग्य' असा शेरा, आणि मग खोल्या रिकाम्या करण्याची नोटीस. ज्याला घर हवं तो भाडं देईल, असा साधा हिशेब. मार्च संपत आलेला. वसुलीचा आकडा तिसऱ्या दिवशी दुपारी बंद होणार होता. दोन वसाहती निम्म्याच्या खाली लोंबकळत होत्या, उदगीरची आणि देगलूरची. "तुम्ही स्वतः एकदा जाऊन या," साहेब म्हणाले. म्हणजे पुढे नोटीस काढताना माझी सही हाताशी असावी.

लोह्याची दुपार

सोबत खाजाभाई होते. आमचे वसुली कारकून. नांदेडच्या जुन्या घराण्यातले, वडील घड्याळं दुरुस्त करायचे, हे सरकारात लागले. निवृत्तीला थोडे महिने राहिलेले. रमजान चालू होता, त्यामुळे रोजा. त्या उन्हात पाण्याचा थेंब नाही आणि तरी माणूस माझ्यापेक्षा ताठ बसलेला. मी बाटली तोंडाला लावताना खिडकीकडे वळायचे. ते म्हणाले, "म्याडम, तुम्ही पीत जा बिनघोर. तुमच्या पिण्यानं माझा रोजा तुटत नाही."

लोह्यापर्यंतचा रस्ता चांगला. दोन्ही बाजूंना हरभरा निघून गेलेली उघडी रानं, मधूनच करडई, आणि नुसतं ऊन. आमच्याकडे मार्चमध्येही कुठे ना कुठे उसाचा हिरवा पट्टा डोळ्याला लागतो. इथे डोळा टेकवायला जागा शोधावी लागते. सुरुवातीला मला याचा राग यायचा. आता येत नाही, आता नुसता थकवा येतो.

लोह्याची वसाहत निम्म्याच्या वर होती, तिथे नुसती भेट द्यायची होती. गेलो तर सगळ्या खोल्यांना कुलपं. एका दारात एक म्हातारा शेळीला पाला घालत बसलेला.

"कुणी न्हाई आता," तो म्हणाला. "समदे कामाला. दिवस बुडाल्यावर या."

खाजाभाई माझ्याकडे वळले. "हेच तर सांगून राहिलो म्याडम. दिवसा गेलं तर कुलूप, म्हणून आपण संध्याकाळी जातो. आणि संध्याकाळी गेलं तर..." संध्याकाळी गेलं तर काय, ते मला त्याच दिवशी कळणार होतं.

पाण्याच्या टाकीवर आमच्याच कार्यालयाने लावलेला एक फलक होता, मोबाइलवरून भाडं भरा म्हणून. त्यावरचा चौकोनी ठिपक्यांचा ठसा उन्हाने इतका उडाला होता की माझ्या फोनने बराच वेळ त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि शेवटी हार मानली. तिथले लोक रोजंदारीवर, हातात येते ती नोट. फलक शाबूत असता तरी फार फरक पडला नसता.

बसस्टँडजवळच्या खानावळीत मी जेवले. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि वरून लसणाची फोडणी दिलेलं करडईचं तेल. अंबाडी मला आधी आंबटढोण वाटायची. आता सुट्टीत सांगलीला गेले की चौथ्या दिवशी तिची आठवण येते. खाजाभाई तेवढा वेळ गाडीत डोळे मिटून बसले होते.

उदगीरची संध्याकाळ

उदगीरला पोचेपर्यंत ऊन कलंडलं होतं. वसाहत गावाबाहेर, डाळ मिलच्या पाठीमागे. हवेत तुरीच्या फोलाचा वास आणि बारीक पिवळी धूळ. लोक नुकतेच कामावरून परतत होते. बायांच्या केसांवर, भुवयांवर तीच धूळ.

पहिल्याच खोलीत सुलाबाई होत्या. साठीच्या, मिलमध्ये डाळ निवडायला जाणाऱ्या. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यांनी आधी तांब्याभर पाणी पुढे केलं. मग खाजाभाईंची दाढी पाहून तांब्या ओट्यावर झाकून ठेवला. "बांग झाल्यावर घ्या भाऊ. आता थोडाच येळ हाय." आणि मला म्हणाल्या, "बाई, तुमी आत या."

आत गेले आणि मान वर झाली. छताखाली एक जुनी हिरवी साडी चार कोपऱ्यांना खिळ्यांनी ताणून बांधलेली होती. मधोमध तिला झोळ आलेला, आणि झोळात काहीतरी जड.

"ते काय?"

"वरचा सलाप पडून राहिलाय," सुलाबाई म्हणाल्या. "पोपडे. खाली लेकीवर पडू ने म्हनून बांधलं. भरली की उतरवून टाकून येते."

कोपऱ्यात दाराजवळ खाट होती. खाटेवर त्यांची लेक मीरा, पहिलं बाळंतपण करून माहेरी राहिलेली. कुशीत मूल, अजून बारसं न झालेलं, मुठी वळून झोपलेलं. पंखा लावला की हादऱ्याने पोपडे जास्त पडतात, म्हणून पंखा बंद. मीरा पदराने बाळाला वारा घालत होती.

सुलाबाईंनी मला धपाटे वाढले, दह्याबरोबर. मी नको म्हणत असताना दुसरं वाढलं. मी खात असताना डोक्यावरच्या साडीत सर्रकन काहीतरी घसरलं. मीराने वर पाहिलंसुद्धा नाही, हात मात्र बाळाच्या टाळूवर ठेवला. तिच्या हाताला सवय झाली होती.

बांग झाली. खाजाभाई ओट्यावर बसले होते. सुलाबाईंनी त्यांच्यासमोर केळी ठेवली, पलीकडच्या खोलीतून कोणी गरम भजी आणली. चार दारांतून चार वस्तू आल्या. मला मनात बरं वाटलं, आज वसुली होणार. मी बाहेर आले आणि शक्य तितक्या मऊ आवाजात भाड्याचा विषय काढला. वसुली कमी पडली तर दुरुस्ती नाही, उलट नोटीस येईल, हेही सांगितलं.

सुलाबाई वळल्या, देवापुढची निरांजनाची वात सारखी केली आणि म्हणाल्या, "हाव, देतो ना. सकाळी या."

"सकाळी आम्ही देगलूरला असू. आत्ताच द्या ना."

"आता न्हाई बाई. सकाळी या."

शेजारच्या दारात शिलाई मशीन चालवणारी रेहाना. तीही म्हणाली, "सुबू आव ना म्याडम. देती मैं." त्याच्या पुढचा माणूस दात घासत म्हणाला, सकाळी. एक म्हातारी आतूनच ओरडली, सकाळी. ओळीने सगळ्या दारांत तेच, जणू कोणी पढवून ठेवलेलं. कोणी चिडलं नाही, कोणी रडगाणं गायलं नाही, कोणी पैसे नाहीत असंही म्हणालं नाही. मला या गोष्टीचा फार राग आला. समोरचा भांडला असता तर बरं. हे 'आज रोख, उद्या उधार'च्या पाटीसारखं, गोड बोलून तोंडाला पानं पुसणं.

खाजाभाईंनी पावतीचं मशीन अंगठा लावून उघडलं. ते त्यांच्याच अंगठ्याने उघडतं आणि सगळ्या कार्यालयात असं एकच चालू आहे. खोलीखोलीपुढे त्यांनी शेरा भरला, 'देण्यास नकार'.

"दर साली हेच," ते म्हणाले. "खिलवतात-पिलवतात, पैशाचं नाव काढलं की सकाळी या. मी कितीक वर्षं हेच लिहून राहिलो."

गाडी निघाली तेव्हा सुलाबाई ओट्यावर उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. दोन धपाटे खाऊन वरून त्यांच्यावर रागावलेली मी, आणि तो राग पचतही नव्हता. डोळ्यांपुढे ती हिरवी साडी येत राहिली. बाई, तुमच्या नातवाच्या डोक्यावर छत पडतंय आणि तुम्ही मला सकाळी या म्हणता?

देगलूर

देगलूरला मुक्काम एका विश्रामगृहात. चादरीला डांबराच्या गोळ्यांचा वास, नळाला पाणी नाही, आणि कोपऱ्यात कोणा मंत्र्याच्या दौऱ्यातून उरलेले वाळलेले हार. गाढव मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, यातलं मी कोणतं, याचा विचार करत झोपले.

दुसरा दिवस बसून काढला. दुपारी वसाहतीला जाऊन अर्थ नाही हे आता मलाही कळलं होतं. बाजारात फिरले. इथे दुकानदार एका गिऱ्हाइकाशी तेलुगू, दुसऱ्याशी कन्नड आणि माझ्याशी मराठी बोलतो आणि भाव मात्र तिघांना एकच सांगतो. मी शेंगांची चटणी घेतली. तिखट इतकं की सांगलीकर असूनही डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला चष्मा काढला तर त्याची काडी हातात आली. पुढचे दोन दिवस मी दोऱ्याने बांधलेल्या चष्म्यातून मराठवाडा पाहिला.

संध्याकाळी वसाहतीत गेलो. इथली छतं बरी होती, पण पाण्याची टाकी मधोमध उललेली. बायका डांबरी रस्ता ओलांडून पलीकडच्या बोअरवरून पाणी आणत होत्या. पहिल्या दारात गंगव्वा भेटल्या. चाळिशीच्या, हॉटेलात भाकरी थापायचं काम करणाऱ्या, हसऱ्या. मला पाहताच म्हणाल्या, "अक्का, बसा की. उभ्या किती येळ राहनार?"

मी बसले. दिवे लागले होते. चहा आला. मी भाड्याचं बोलले. गंगव्वा हसून म्हणाल्या, "देते की अक्का. सकाळी या."

मी कप खाली ठेवला. मला खरंच वाटलं की आता मी ओरडेन. इतक्यात दारात शेजारीण आली, हातात छोटी वाटी. "गंगव्वा, जरा इरजन देती का? दूध तापवून ठिवलंय."

गंगव्वांनी तिच्याकडे पाहिलं आणि तशाच हसत, त्याच सुरात म्हणाल्या, "दिवे लागले की गं. सकाळी ये."

"अगं बया, इसरलेच की!" शेजारणीने स्वतःच्याच कपाळाला हात लावला आणि वाटी घेऊन निघून गेली. राग नाही, रुसवा नाही.

मी जागच्या जागी बसून राहिले. चहा निवला. माझ्या आईने उभ्या जन्मात दिवेलागणीनंतर कोणाला विरजण दिलं नाही. मीठ नाही, दूध नाही, आणि पैसा तर नाहीच नाही. दुधवाला एकदा संध्याकाळी बिल मागायला आला तर आईने त्याला चहा पाजला, लाडू दिला आणि सकाळी बोलावलं. तो सकाळी आला. त्याला कोणी समजावून सांगावं लागलं नाही, कारण त्याच्या घरी त्याची आईही तेच करत होती. लक्ष्मी तिन्हीसांजेला घरात यायची, तिला उलट दिशेने बाहेर काढायची नाही. हे मला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. पण ऑफिसच्या गाडीत बसलं की आई आठवत नाही, तिथे फक्त शेरे आठवतात.

"गंगव्वा," मी म्हटलं, "सकाळी किती वाजता?"

त्यांचा चेहरा उजळला. "उजाडताच या अक्का. सडा टाकून झाला की देते. समदे देतील. पन कोन येतंय सकाळी! चहा टाकते, याच."

"येते," मी म्हटलं. हा शब्द मी दिला, आणि खूप आनंदाने दिला.

गाडीत बसल्यावर खाजाभाईंना सांगितलं. ते मशीन उघडणार होते, अंगठा तसाच हवेत राहिला.

"आमच्या अम्मी बी," ते म्हणाले, "मगरिबनंतर पैसा घराबाहेर देत नव्हत्या, म्याडम. आजबी माझ्या घरात देत नाहीत. आणि मी काय लिहून राहिलो? नकार. त्यांनी कवाच नकार दिला नव्हता." मग पुढे, अगदी हळू, "संध्याकाळी ते घरी असतात, म्हणून आपण संध्याकाळी जातो. ते सकाळी या म्हणतात, म्हणून आपण जातच नाही."

हे हसण्यासारखं होतं. आम्ही हसलोही. आणि हसता हसता मला लक्षात आलं, की वसुलीचा आकडा उद्या दुपारी बंद होतो आहे. मशीन एक, ते चालवणारा अंगठा एक, आणि सकाळ एक. उदगीर दीड तासावर. उजाडल्यावर थोड्याच वेळात लोक कामाला निघतात. दोन्हीकडे पोचणं शक्य नव्हतं. मी साहेबांना फोन केला, एक दिवस वाढवून मागितला. ते म्हणाले, "मॅडम, आकडा वरून बंद होतो. ते माझ्या हातात असतं तर मी तरी इथे कशाला बसलो असतो?" त्यांच्याही आवाजात थकवा होता. पहिल्यांदाच मला त्यांचा राग आला नाही.

उदगीर की देगलूर? छत की टाकी? खाजाभाईंनी मला उत्तर सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. ती साडी मी पाहिली होती, त्यांनी ओट्यावरून तिचा आवाज ऐकला होता. गंगव्वांना कळवायला फोन लावला, तर आमच्या यादीतल्या त्यांच्या नंबरावर तेलंगणातला कोणी ट्रकवाला बोलला.

"जवळच आहे वसाहत," मी म्हटलं, "आत्ता परत जाऊन सांगू या का?"

खाजाभाई म्हणाले, "काय सांगणार म्याडम? सकाळी येत नाही म्हणून?"

आम्ही गेलो नाही. तोंड दाखवायचं धैर्य झालं नाही, एवढंच खरं.

पुन्हा उदगीर

खाजाभाईंनी सहरीला दोन पोळ्या आणि दूध घेतलं, नमाज झाला आणि आम्ही निघालो. ड्रायव्हर जांभया देत होता. देगलूरच्या वसाहतीवरून गाडी गेली तेव्हा दारं बंद होती, आभाळ अजून काळंच होतं. मी त्या बाजूच्या काचेकडे पाठ करून बसले.

उदगीरला पोचलो तेव्हा सुलाबाई दारात सडा टाकत होत्या. गाडी पाहून त्यांनी बादली खाली ठेवली. पाणी सांडून पायावर आलं तरी त्या हलल्या नाहीत.

"आलात?" त्या म्हणाल्या. "खरंच आलात?"

मग त्यांनी दारात रांगोळीच्या दोन रेघा ओढल्या, हात धुतले, आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा मुठीत घडी घातलेल्या नोटा होत्या, वरच्या नोटेला हळदीचं बोट लागलेलं. पैसे माझ्या हातावर ठेवताना म्हणाल्या, "इतकी वर्सं म्हनून राहिलो सकाळी या, सकाळी या. येक मानूस कवा सकाळी आला न्हाई. आमाला वाटायचं, सरकारला आमचा पैसाच नको हाय."

मी खाजाभाईंकडे नोटा दिल्या. ते मान खाली घालून पावती काढत होते, मशीनचा कागद लांबत चालला होता. रेहाना आली, ओढणीच्या गाठीतून पैसे सोडत. दात घासणारा माणूस आजही दात घासतच आला. आतून ओरडणारी म्हातारी काठी टेकत बाहेर आली आणि तिने पैसे देण्याआधी आम्हा दोघांना नीट निरखून पाहिलं. सगळेच आले असं मात्र नाही. टोकाच्या खोलीला कुलूप होतं. परवा सर्वांत मोठ्या आवाजात 'सकाळी या' म्हणणारा गृहस्थ आमची गाडी पाहून मागच्या बाजूने पसार झाल्याचं रेहानाने सांगितलं. दोघा-तिघांकडे खरोखरच पैसे नव्हते. पण आकडा निम्म्याच्या वर गेला, फार नाही, जेमतेम.

मी आत जाऊन मीराला दुरुस्तीचं सांगितलं. तिने वर साडीकडे पाहिलं. "मग बारसं छताखाली व्हईल?" तिने विचारलं. "आई म्हनत होती, मांडव टाकून बाहेर करू म्हनून."

बारशापर्यंत काम होणार नव्हतं, हे मी तिला सांगितलं. सरकारी काम, टेंडर, मंजुरी. पण पाऊस पडायच्या आत होईल. ती म्हणाली, "हाव. तेवढं बी लई झालं." बाळ जागं होतं. त्याच्या मुठीत मी माझं बोट दिलं, आणि इतके दिवस साठलेला थकवा तिथे थोडासा उतरला, हे खोटं वाटलं तरी खरं आहे.

दुपारी आकडा बंद झाला. उदगीर वर, देगलूर खाली. देगलूरपुढे मशीनमध्ये शेरा भरावा लागतो, तो न भरता पुढे जाता येत नाही. पर्याय दोनच, 'वसूल' किंवा 'नकार'. खाजाभाईंनी मशीन माझ्याकडे दिलं. "तुम्ही दाबा म्याडम. माझ्याच्यानं होणार नाही आता." मी दाबलं.

नायगाववरून

हे सगळं लिहायला मी बसले ती उदगीरचं काम सुरू झाल्यावर. स्लॅब उतरवून नवा टाकताहेत. सुलाबाई मीराला आणि बाळाला घेऊन शेजारी रेहानाकडे राहिल्या आहेत. देगलूरची नोटीस मी खूप आटापिटा करून थांबवली, आदल्या रात्री मुक्काम करून सकाळी वसुली करायचा प्रस्तावही दिला. साहेबांनी त्यावर 'मुक्काम भत्ता?' एवढंच लिहून परत पाठवला. टाकीचं काम मात्र या वर्षी होणार नाही. तो निधी दुसरीकडे गेला.

एप्रिलमध्ये मी स्वखर्चाने देगलूरला गेले. आदल्या दिवशी नायगावला उतरून चहा प्यायले, पुढची बस पकडली, रात्री मुक्काम केला. खाजाभाई आपणहून बरोबर आले, रजा टाकून. ईद झालेली होती, त्यांनी डब्यात शेवया आणल्या होत्या. सकाळी, उजाडताच, आम्ही वसाहतीत गेलो.

गंगव्वा बोअरवरून घागर घेऊन येत होत्या. आम्हाला पाहून थांबल्या. घागर उतरवली, आत गेल्या, पैसे आणून दिले, त्या वर्षाचे आणि मागचेही. त्यांच्यामागून इतर आले. कोणीही काही विचारलं नाही. मी टाकीचं सांगायला लागले, निधी गेला, आता पुढच्या वर्षी. गंगव्वांनी मान हलवली, जणू हे त्यांना आधीच माहीत होतं.

मग त्या चहा टाकायला वळल्या. चुलीपाशी बसून, पाठमोऱ्याच म्हणाल्या, "त्या दिवशी लई वाट बगितली, अक्का. चहा दोनदा गरम केला."